उणे चाळीस अंशांत तगणारी शेळी आणि बारा अंशांत दगावणारी मेंढी

निपाणीजवळच्या एका तरुण शेळीपालकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. बर्फाच्या कड्यांवर राहणाऱ्या रानशेळ्या उणे तीस-चाळीस अंशांत कशा तगतात, हा पहिला. तसे असेल तर आपल्याकडे बारा-चौदा अंशांच्या रात्री अवकाळी पाऊस झाला की धडधाकट मेंढ्या आणि करडे का दगावतात, हा दुसरा. लडाखची पश्मिना शेळी बेळगाव भागात आणून पाळता येईल का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मूलतः एकच आहे, असे या सीमाभागात जनावरांवर उपचार करता करता माझे ठाम मत झाले आहे. म्हणून ते एकत्र देतो आणि तिसऱ्याकडे शेवटी येतो.

हवेच्या तापमानाचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. जनावराच्या अंगातून दर तासाला किती उष्णता बाहेर जाते आणि पोटातल्या चाऱ्यातून किती तयार होते, या जमाखर्चावर सारे अवलंबून असते. शेळीचे शरीर साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअसवर चालते आणि बाहेर काहीही असो, ते तिथेच राखावे लागते. हवा थंड होऊ लागली की काही मर्यादेपर्यंत जनावर जास्तीचे इंधन न जाळता नुसते केस उभे करून, अंग आखडून आणि कातडीकडचा रक्तपुरवठा कमी करून भागवते. त्या मर्यादेखाली मात्र त्याला उष्णता मुद्दाम तयार करावी लागते, म्हणजेच अंगावरचे मांस-चरबी खर्ची घालावी लागते. ही मर्यादा प्रत्येक जनावराची वेगळी असते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कात केलेली मोजमापे १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ध्रुवीय कोल्ह्याला उणे ४० अंशांपर्यंत जास्तीची उष्णता तयार करावीच लागत नाही, असे दिसले. याउलट नुकतीच कातरलेली, जेमतेम चाऱ्यावर असलेली मेंढी पंचवीस अंशांच्या आसपासच या मर्यादेला पोहोचते, आणि तीच मेंढी पुरेशी लोकर वाढल्यावर शून्याच्या खालीही आरामात उभी राहते. जनावर एकच, जात एकच. फरक फक्त अंगावरच्या चार-पाच बोटे लोकरीचा आणि पोटातल्या चाऱ्याचा. प्रश्नकर्त्याच्या मनातील ‘थंडीची जात’ ही कल्पना त्यामुळे अर्धीच खरी आहे.

आता रानशेळ्यांकडे वळू. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात राहणारी पांढरी ‘माउंटन गोट’ ही आपल्या शेळीची सख्खी बहीण नव्हे, लांबची नातलग आहे; हिमालयातील आयबेक्स मात्र आपल्या शेळीच्याच प्रजातीकुळातला प्राणी आहे. दोघांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे केस लांब व राठ असतात आणि वारा व बर्फ अडवतात. आतला थर अतिशय बारीक, दाट व मऊ केसांचा असतो आणि हवा कोंडून धरतो. ऊब केसांतून येत नाही, केसांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे ती टिकते, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे पावसाचा विषय निघेल तेव्हा तिचीच गरज पडणार आहे. धनगराच्या घोंगडीचे कामही याच तत्त्वावर चालते.

पश्मिना म्हणजे चांगथांगी शेळीचा हाच आतला थर. लडाखच्या चांगथांग पठारावर, ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, चांगपा पशुपालक या शेळ्या राखतात. हिवाळ्यात तेथे उणे तीस अंश ही नवलाई नसते. या तंतूची जाडी साधारण १२ ते १५ मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी. तंतू जितका बारीक आणि दाट, तितकी हवा लहान लहान कप्प्यांत अडकून हलेनाशी होते. हा थर थंडी पडल्यावर उगवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात दिवस लहान होऊ लागताच डोळ्यांवाटे मेंदूला त्याची खबर पोहोचते, रात्री स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण बदलते आणि कातडीतली बारीक केसांची मुळे कामाला लागतात. वाढ मुख्यतः जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत होते, म्हणजे कडाका येईपर्यंत कपडा शिवून तयार असतो. वसंतात तो आपोआप सुटू लागतो आणि त्याच वेळी चांगपा लोक तो फणीने विंचरून काढतात. रॉकीतली माउंटन गोट हाच थर खडकांना आणि झुडपांना अंग घासून काढते. नर आधी मोकळे होतात आणि गाभण माद्या सर्वांत शेवटी.

केस पोकळ असतात आणि ते उन्हाची उष्णता कातडीपर्यंत नळीसारखी पोहोचवतात, असे ध्रुवीय अस्वलाबद्दल पुष्कळदा लिहिले जाते. केस पोकळ असतात हे खरे. उन्हाच्या नळीची गोष्ट मोजमापांत टिकलेली नाही.

हवामान अंगावरचा कपडा कसा ठरवते हे पाहायला लडाखपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या खानापूरच्या मागे उभी असलेली सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूत पोहोचते तेव्हा तेथील उंच गवताळ माळांवर निलगिरी ताहर हा रानशेळीसारखा दिसणारा प्राणी राहतो. हिमालयी ताहरला मानेभोवती आयाळ आणि आत दाट लव असते. निलगिरी ताहरच्या अंगावर आखूड राठ केस असतात आणि तेवढे त्याला पुरते. पूर्वी या दोघांना सख्खे भाऊ समजत असत. आनुवंशिक अभ्यासानंतर निलगिरी ताहर मेंढ्यांच्या अधिक जवळचा ठरला. दोघांचे बाह्यरूप सारखे दिसते त्यामागे कड्यावर राहण्याची समान गरज आहे.

पायांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत सुंदर आहे. पायाच्या खालच्या भागात मांस जवळजवळ नसते, केस आखूड असतात आणि खूर बर्फात रुतलेले असतात. तिथून उष्णता सतत गळत राहिली तर कितीही जाड कपडा असून उपयोग नाही. त्यावरचा उपाय असा की, पायात उतरणारी गरम रक्ताची धमनी आणि वर चढणारी थंड रक्ताची शीर एकमेकींना खेटून असतात. उतरणारे रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकते, पायाशी पोहोचते तेव्हा बरेच थंड झालेले असते, आणि धडाची उष्णता धडातच राहते. रेनडिअर, ध्रुवीय कोल्हा, बर्फावर उभे राहणारे समुद्रपक्षी या सर्वांत ही व्यवस्था आढळते. पाय थंड ठेवायचा तर त्यातली चरबी गोठून कडक होता कामा नये, म्हणून खुरांकडील चरबीची घडण धडातल्या चरबीहून वेगळी असते व ती कमी तापमानालाही पातळ राहते. आपल्या गाईम्हशींतही हा गुण आहे. गाईच्या नळीच्या आणि खुरांजवळच्या हाडांतून काढलेले तेल चामडे मऊ ठेवण्यासाठी जगभर वापरले गेले, ते याच कारणाने. थंडीत ते थिजत नाही. अथणीच्या चप्पल-कारागिरांच्या परिसरात राहणाऱ्यांना या माहितीचे अप्रूप वाटावे.

उष्णता वाचवण्याबरोबर ती तयारही व्हावी लागते, आणि इथे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या हाती एक मोठे साधन आहे. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात आणि या क्रियेत उष्णता निघते. कोठीपोटाचे तापमान बाकी शरीरापेक्षा अंशभराने तरी जास्त असते. वाळलेला, तंतुमय चारा पचवताना ही उष्णता जास्त आणि दीर्घकाळ मिळते. म्हणून थंडीच्या रात्री कडबा हा नुसता चारा राहत नाही. याकचे भलेमोठे कोठीपोट तिबेटच्या पठारावर त्याच्या किती कामी येते याची कल्पना यावरून करता येईल. तोच याक पंधरा-वीस अंशांच्या हवेत धापा टाकू लागतो.

रानातला प्राणी मात्र हिवाळ्यात पोटभर खाऊच शकत नाही. मग तो खर्च कमी करतो. ऑस्ट्रियातील लाल हरणांच्या अंगात मोजमापयंत्रे बसवून पाहिले असता, हिवाळ्याच्या रात्री त्यांच्या छातीच्या कातडीखालचे तापमान काही वेळा १५ अंशांपर्यंत उतरू दिले जाते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळले. आल्प्समधला आयबेक्स थंडीत सकाळी उन्हाला तोंड करून स्वस्थ उभा राहतो आणि फुकटच्या उष्णतेवर अंग गरम करून मगच चरायला निघतो. माउंटन गोटही हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेले किंवा वाऱ्याने बर्फ उडून गेलेले उतार निवडते, कारण तिथे चारा उघडा पडलेला असतो. शरीररचनेइतकीच ही निवड महत्त्वाची आहे. आपल्याकडची शेळी पौषात सकाळी गोठ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीला अंग लावून उभी राहते तेव्हा तेच करत असते. तिला त्या वेळी हाकलून रानात नेण्याची घाई करू नये.

इतके सारे असूनही उपाशी जनावर थंडीपुढे टिकत नाही. २०१३ च्या आरंभी चांगथांगात मोठी हिमवृष्टी झाली, चारा बर्फाखाली गाडला गेला आणि हजारो पश्मिना शेळ्या दगावल्या. त्यांत लहान करडांचा भरणा मोठा होता. जगातल्या सर्वांत उबदार कपड्यांपैकी एक त्यांच्या अंगावर होता.

आता दुसरा प्रश्न. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व गार वारा एकत्र आला आणि उघड्या शिवारात बसलेल्या शेकडो मेंढ्या दगावल्या. तेथे बर्फ पडले नव्हते, हवा शून्याच्या जवळपासही गेली नव्हती. असे प्रकार लहान प्रमाणावर चिकोडी, रायबाग, अथणी या भागांतही घडतात, कारण कळप वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कापणी झालेल्या मोकळ्या रानात, कोणत्याही आडोशाविना बसवलेले असतात. मेंढी भिजली की लोकरीतल्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते. शिवाय ते पाणी वाऱ्याने वाळू लागले की प्रत्येक लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खेचली जाते. त्यातली बरीचशी मेंढीच्या अंगातून जाते. आपली दख्खनी मेंढी राठ, विरळ लोकरीची आहे. ती उन्हाला आणि लांबच्या चालीला उत्तम आहे, पण रात्रभराच्या पावसात ती आतपर्यंत भिजते. तिला नुकतेच कातरलेले असेल, किंवा दिवसभर चालून ती रिकाम्या पोटी बसली असेल, तर पहाटेपर्यंतचा हिशेब जमत नाही. बर्फाळ प्रदेशातील हवा बहुधा कोरडी असते आणि केसांवर पडलेला बर्फ वितळत नाही, झटकला जातो. आयबेक्सची खरी सोय ही आहे. त्यालाही उभ्या पावसात रात्रभर ठेवले तर त्याचे हाल होतील.

शेळीची अडचण मेंढीपेक्षा मोठी आहे. मेंढी कातडीखाली चरबी साठवते. शेळी ती मुख्यतः पोटात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती साठवते. तिथे ती इंधन म्हणून उपयोगी पडते, पण पांघरूण म्हणून नाही. उस्मानाबादी शेळी पावसाचे चार थेंब पडताच आडोसा शोधते याचा पुष्कळांना राग येतो. तिचे बरोबर असते.

नुकत्याच जन्मलेल्या करडाचा हिशेब तर आकड्यांतच मांडून दाखवतो. दोन किलोचे करडू जन्मते तेव्हा पूर्ण भिजलेले असते. समजा त्याच्या अंगावरून फक्त ५० मिलिलिटर पाणी वाऱ्याने वाळले, तर त्याला सुमारे २९ किलोकॅलरी लागतात. आणि दोन किलो शरीराचे तापमान एक अंशाने उतरायला जेमतेम १.७ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे सारी उष्णता करडाच्याच अंगातून गेली आणि त्याने काहीच भरपाई केली नाही, तर ते सतरा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात ते भरपाई करते. ते कुडकुडते, आणि त्याच्या मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा एक लहान साठा असतो. ही चरबी स्नायू न हलवता थेट उष्णता तयार करते. नवजात कोकरांत या दोन मार्गांचा वाटा ढोबळमानाने निम्मा-निम्मा असतो. हा साठा काही तासांच्या कडाक्यात संपतो, तो चिकाने भरून निघाला तरच पिल्लू तगते, आणि काही आठवड्यांत ही चरबी साध्या चरबीत बदलते. डुकरांच्या पूर्वजांनी ही सोय सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी गमावली. रानडुकरीण विण्याआधी गवत-पाल्याचे घरटे करते त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि पाळीव डुकराच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत ऊब द्यावी लागते तीही याचमुळे.

करायचे काय, तर सर्वप्रथम करडू जन्मताच ते कोरड्या फडक्याने खसखसून पुसावे. शेळी चाटत असेल तर तिला चाटू द्यावे आणि राहिलेले आपण पुसावे. वर मांडलेले २९ किलोकॅलरी एका फडक्याने वाचतात. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात जावा, एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या चौपट. मात्र करडू थंडगार, मान टाकलेले असेल तर तोंडात चीक ओतू नये. त्याला गिळता येत नाही आणि चीक फुफ्फुसात जातो. अशा वेळी तापमापक लावून पाहावे. ३७ अंशांच्या खाली असेल तर आधी ऊब द्यावी. त्यातही करडू जन्मून पाच-सहा तास उलटले असतील आणि ते उपाशी असेल, तर ऊब देण्याआधी पशुवैद्याकडून ग्लुकोज टोचून घेणे आवश्यक असते. रक्तात साखर नसताना अंग एकदम गरम केले तर झटके येऊन करडू मरते. गावात ही चूक सर्रास होते आणि दोष थंडीला दिला जातो.

मोठ्या जनावरांसाठी पावसाळी गारठ्याचा अंदाज असेल त्या संध्याकाळी कडबा, तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा पोटभर द्यावा. उसाचे ओले वाढे त्या रात्री कमी ठेवावे, कारण त्यातले पाणीही जनावरालाच गरम करावे लागते. धान्याचा खुराक एकदम वाढवू नये. त्याने ऊब मिळण्याआधी पोट बिघडते. कळप रानात असेल तर तो ओढ्याकाठच्या खोलगट जागेत बसवू नये, थंड हवा रात्री तिथेच साचते. थोड्या उंचवट्यावर, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री ताणून बसवावा. कातरणी पावसाचा अंदाज पाहूनच करावी. करडांच्या अंगावर गोणपाट बांधतात ते चांगले, पण भिजले की लगेच काढावे.

गोठ्याबाबत मात्र बहुतेक जण उलट टोक गाठतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओल्या हवेत गोठा चारी बाजूंनी बंद केला की आत मुताची वाफ आणि दमट हवा कोंडते, आणि सकाळी खोकणारी करडे माझ्याकडे येतात. जमिनीपासून कमरेपर्यंत वारा अडवावा आणि छताखाली हवा खेळती ठेवावी. जमीन कोरडी असलेला, वरून मोकळा गोठा हा बंद पण ओल्या गोठ्यापेक्षा नेहमीच चांगला.

थंडी टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तिच्यातून झोपून जाणे, आणि तो शेळ्या-मेंढ्यांना उपलब्ध नाही. खारीच्या कुळातला हिमालयी मार्मोट बिळात शिरून कित्येक महिने शरीराचे तापमान काही अंशांपर्यंत खाली आणतो. अलास्कातील जमिनीवरच्या खारीचे शरीर तर शून्याच्याही खाली, जवळजवळ उणे तीन अंशांपर्यंत गेलेले मोजले आहे. हिमालयी काळे अस्वल हिवाळ्यात गुहेत पडून राहते, आपल्या खानापूरच्या जंगलातले अस्वल मात्र वर्षभर हिंडते. वाळवी आणि फळे त्याला बारमाही मिळतात. गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर दर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस तिसरा मार्ग धरतात आणि हिमालय ओलांडून निघूनच येतात. त्यांचे हिमोग्लोबिन विरळ हवेतून प्राणवायू अधिक जोराने धरून ठेवते, म्हणून त्यांना ती वाट जमते.

राहिला पश्मिना शेळीचा प्रश्न. आणू नये, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. तो मऊ थर दिवसाच्या लांबीत होणाऱ्या बदलावर उगवतो. चांगथांगात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साडेचार तासांच्या आसपास फरक असतो, बेळगावात तो दोन तासांहूनही कमी आहे, त्यामुळे येथे तिला ऋतूची खबर फार क्षीण मिळेल. तशात एप्रिल-मेचा उन्हाळा तिला सोसणार नाही, आणि पावसाळ्यात आपल्या ओल्या कुरणांत जे जंत असतात त्यांच्याशी त्या कोरड्या पठारावरच्या शेळीची ओळखच नाही. एका शेळीपासून वर्षाला मिळणारा कच्चा पश्मिना पाव किलोच्या आसपास असतो, तोही तिच्या स्वतःच्या मुलखात. श्रीनगरजवळच्या कृषी विद्यापीठात २०१२ मध्ये ‘नूरी’ नावाची पश्मिना शेळी क्लोनिंगने जन्माला आली, त्या बातमीमुळे हे जनावर कुठेही वाढवता येते असा समज पसरला असावा; पण ते संशोधन काश्मीरच्या हवामानात झाले. प्रश्नकर्त्याने तेच पैसे उस्मानाबादी माद्यांवर आणि गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने कमरेइतकी भिंत घालण्यावर खर्चावेत. भिंत आधी घालावी आणि शेळ्या नंतर आणाव्यात.